न जोडलेली पानं

मी एकदा ठाण्याची खाडी पुसून टाकली. कोपरीच्या धक्क्यापासून पार ऐरोलीच्या पुढेपर्यंत, खडक, खड्डे, गाळ आणि रेतीच्या पट्ट्यांसकट. त्याला दोन क्लिक लागले. दोन्ही वेळा संगणकाने मला विचारलं होतं की नक्की पुसायचं ना, आणि दोन्ही वेळा मी 'हो' म्हटलं. दुसऱ्यांदा तर जरा वैतागूनच, एकदा सांगितलेलं कळत नाही का म्हणून.

ही खाडी ज्यांच्याकडे होती त्यांना आमच्या ऑफिसात सगळे तांडेल म्हणत. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य, ज्याच्या शब्दावर बाकीचे वल्ही मारतात तो. आमचे तांडेल मात्र चाळीस वर्षांत होडीत बसले नव्हते. जन्म कोपरीच्या कोळी घरातला, पण लहानपणी होडीत पाय ठेवला की पोटातलं सगळं बाहेर. बापाने दोन पावसाळे वाट पाहिली, मग कंटाळून शाळेत घातलं. "आमच्या घरात मी एकटाच मॅट्रिक," ते सांगायचे, "आणि तेसुद्धा उलटीमुळे." पुढे ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कंपनीत ट्रेसर म्हणून, यंत्रांचे नकाशे गिरवत, तीस वर्षं काढली. कंपनीची बस कळव्याच्या पुलावर आली की ते डोळे मिटून घ्यायचे. खाली नुसतं पाणी दिसलं तरी त्यांना कसंसं व्हायचं. बरोबरच्या कामगारांनी तेव्हाच त्यांचं नाव तांडेल ठेवलं, आणि कंपनी बंद पडली तरी नाव काही बंद पडलं नाही.

मी त्यांना भेटलो तो नौपाड्यातल्या दोन खोल्यांच्या ऑफिसात. आमचे सर डोंबिवलीचे. बँकेतली चांगली नोकरी सोडून त्यांनी लोकांच्या वेबसाइट बनवायचा धंदा काढला होता, आणि हा धंदा नक्की काय आहे हे ते रोज तीन-चार लोकांना पहिल्यापासून समजावून सांगत. वागळे इस्टेटमधले छोटे कारखानदार आमचे गिऱ्हाईक. तीन संगणक, एक मोडेम आणि तिघं माणसं. मी सहा महिन्यांचा कोर्स करून आलेला, दिव्याला भाड्याने राहणारा. तिकडे नळाला पाण्याची मारामार, म्हणून मी ऑफिसातून रोज पाच लिटरचा कॅन भरून घरी न्यायचो. तांडेलांना मी काका म्हणायचो, आणि काका मला 'इंजिनेर' म्हणायचे. पहिल्या आठवड्यात मला तो मान वाटला. मग मी नट-बोल्टवाल्या शेठच्या साइटवर चौकशीचा फोन नंबर टाकताना एक आकडा चुकलो, आणि तो नंबर निघाला जवळच्याच एका प्रसूतिगृहाचा. तिथल्या बाई तीन दिवस लोकांना सांगत होत्या की आमच्याकडे बोल्ट मिळत नाहीत. त्यानंतरही काका मला इंजिनेरच म्हणत राहिले; फक्त तो मान नव्हता हे मला कळलं.

काका पडद्यावर स्टीलची पट्टी लावून काम करत. खरी, लोखंडी, बारा इंची पट्टी. पान बनवायचं आमचं जुनं सॉफ्टवेअर म्हणजे चौकट ओढा, मजकूर टाका, चित्र चिकटवा अशा पद्धतीचं साधं प्रकरण. काका एक चौकट ओढायचे, उठून पट्टी लावायचे, मान हलवायचे आणि बसायचे. "दोन मिलिमीटर डावीकडे गेलंय." मी सांगून पाहिलं की काका, प्रत्येकाचा मॉनिटर वेगळा असतो, बघणाऱ्याकडे ते वेगळंच दिसणार. काकांनी पट्टी खाली न ठेवता उत्तर दिलं, "मग त्यानं आपला मॉनिटर बरोबर करावा."

त्यांची दुसरी सवय म्हणजे काम सेव्ह करताना मोठ्याने सांगणं. 'सेव्ह केलं' असं ते अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल असं म्हणत, आणि एका पानामागे तीनदा म्हणत. नवीन गिऱ्हाईक आलेलं असलं की दचकायचं. तीनदा कशाला, असं मी एकदा विचारलं. "एकदा माझ्यासाठी. एकदा मशीनसाठी," काका म्हणाले. तिसऱ्याचं त्यांनी सांगितलं नाही, पण माझ्याकडे पाहिलं.

दुपारी ते डबा घेऊन जिन्यात बसत. डब्यात बहुतेक सुकट नाहीतर वाकटी, म्हणजे सुकी मासळी असायची आणि सरांनी एकदा, शब्दही न बोलता, भर जानेवारीत खोलीच्या तिन्ही खिडक्या उघडल्या होत्या. काकांनीही शब्द न बोलता डबा उचलला तो जिन्यात. माझा डबा म्हणजे स्टेशनवरचा वडापाव, त्यामुळे मीही जिन्यात जाऊन बसू लागलो. काकींच्या हातची सुकट आणि तांदळाची भाकरी मला तिथेच मिळायची, आणि काकांच्या डोक्यात काय चाललंय तेही तिथेच थोडंफार कळायचं.

त्यातलंच एक म्हणजे न जोडलेली पानं. वेबसाइटवरच्या प्रत्येक पानाला दुसऱ्या कुठल्या तरी पानावरून वाट असते. वाटेवर क्लिक केलं की आपण पुढे जातो. काका मात्र काही पानं अशी करून ठेवायचे की त्यांच्याकडे जायला कुठूनच वाट नव्हती. पान सर्व्हरवर असायचं, पण ज्याला त्याचा पत्ता तोंडपाठ आहे त्यानेच तो अक्षर अक्षर टाइप करून तिथे जावं. मला वाटायचं, अर्धवट राहिलेली, टाकून दिलेली पानं असतील. मी विचारलं तेव्हा काका एवढंच म्हणाले, "जे गिऱ्हाईकाचं ते दारात. जे आपलं ते मागच्या पडवीत." मागच्या पडवीत काय आहे ते मी विचारलं नाही. मला त्या वयात फक्त उत्तरं द्यायला आवडायचं.

मग नवीन सॉफ्टवेअर आलं. एक चकचकीत सीडी आणि तिच्याबरोबर विटेएवढं जाड पुस्तक. जुनं सॉफ्टवेअर आता पुढे कुणी सांभाळणार नाही, म्हणून आपल्या सगळ्या साइट नव्यात न्यायच्या, असं सरांनी जाहीर केलं आणि ते काम माझ्यावर सोपवलं. पुस्तक मी मॉनिटरच्या खाली ठेवलं. त्यामुळे पडदा माझ्या डोळ्यांच्या बरोबर उंचीवर आला. त्या पुस्तकाचा मला झालेला एवढाच उपयोग.

काका होळीसाठी गावात चार दिवस सुट्टी घ्यायचे. गाव म्हणजे कोपरीच, स्टेशनच्या पलीकडे; पण होळीच्या दिवसांत कोळीवाड्यातला माणूस ऑफिसला येतो हे त्यांना पटायचं नाही. सुट्टीच्या आदल्या दिवशी जिन्यात त्यांनी डबा उघडला आणि भाकरी मोडता मोडता विचारलं, "इंजिनेर, ज्या पानाला कुठूनच जोडलेलं नाही, त्याचं हे नवीन काय करतं?"

"काही करत नाही, काका. असतं तिथेच राहतं."

"कुठे वाचलंस?"

"वाचायचंय काय त्यात? सरळ आहे."

ते थोडा वेळ चावत राहिले. "फ्लॉपीवर घेऊन ठेवू का मी माझं?"

"कशाला? तुमच्या मशीनवर आहे, सर्व्हरवर आहे. सर्व्हर अमेरिकेत आहे, काका. तिथे काय होणार आहे?"

काकांनी माझ्यापुढे सुकटीची डबी सरकवली. माणसाने आपल्यावर विश्वास ठेवला की तो असा दिसतो, हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी मी कामाला लागलो. ते नवीन सॉफ्टवेअर साइटच्या पुढच्या दारातून आत शिरतं, आणि ज्या ज्या खोलीला वाट आहे तेवढ्याच खोल्या उचलून आणतं. ज्या खोलीला दारच नाही, ती त्याच्या हिशेबी नाहीच. नट-बोल्टवाल्या शेठची साइट अशी उचलून झाल्यावर त्याने मला विचारलं की सर्व्हरवर काही फाईली अशा आहेत ज्या कशालाच लागत नाहीत, काढून टाकू? मी यादीवर नजर टाकली. के-एक, के-दोन, के-तीन, अशा त्रेसष्टपर्यंत. म्हटलं, काकांच्या कच्च्या आकृत्या. हो. मग काकांच्या मशीनवर नवीन सॉफ्टवेअर मावेना, म्हणून मी ती डिस्कही साफ केली. नक्की ना? हो म्हणून सांगितलं ना. आणि संध्याकाळी सरांना अभिमानाने सांगितलं की मी पुष्कळ जागा मोकळी करून दिली आहे.

काका परत आले ते कानामागे थोडा गुलाल घेऊनच. बसले, पट्टी बाहेर काढली, पडदा पुसला आणि दोन बोटांनी तो लांबलचक पत्ता टाइप केला. पान सापडत नाही. त्यांनी प्रत्येक अक्षर बोटाने तपासलं आणि पुन्हा टाइप केला. पान सापडत नाही. मग मला म्हणाले, "अरे, जरा बघ रे."

मी बघितलं. बघण्यासारखं काही नव्हतंच. मी भराभरा बोलत सुटलो, की अमेरिकेत ई-मेलने पत्र पाठवू, त्यांच्याकडे जुनी प्रत असते. पाठवलं. उत्तर आलं की आम्ही फक्त आदल्या रात्रीची प्रत ठेवतो. चार दिवस उलटून गेले होते.

काका ओरडले नाहीत. त्यांनी पट्टी खणात ठेवली आणि खण लावला. दुपारी जिन्यात डबा उघडला नाही. त्या दिवशी मला कळलं की के म्हणजे खडक.

काकांचा मोठा भाऊ, ज्याला सगळी आळी दादूस म्हणायची, तो आयुष्यभर खाडीत होडी घेऊन गेला होता. साखरेच्या दुखण्याने त्याचे दोन्ही डोळे गेले तेव्हा काका रोज संध्याकाळी ओट्यावर त्याच्याशेजारी वही घेऊन बसू लागले. जाळं कुठे अडकतं, कुठे पाणी फिरतं, चिखलाखाली खडक कुठे आहे, त्याचं नाव काय, तिथे कसं पोचायचं. कंपनीची चिमणी आणि डोंगराचं टोक एका रेषेत आलं की उजवीकडे वळा, अमक्या ताडाच्या शेंड्यावर देवळाचा कळस दिसला की थांबा. दोन वर्षं दादूस सांगत होता. काका एकेक जागा माउसने काढायचे, नाव आणि माहिती चित्रात बसवायचे, कारण तेव्हा मराठी अक्षरं दुसऱ्याच्या संगणकावर धड उमटत नसत. एका खडकाला एक पान. वही भरली की ती पानं संगणकात घालून वही फाडून टाकायचे, घरात पसारा नको म्हणून.

"ते पण ठीक आहे रे," काका म्हणाले. "पण दादूस मला म्हणाला होता, आता तुझ्या मशीनमध्ये गेलं ना सगळं, मग मी विसरलो तरी चालेल. आणि तो खरंच विसरायला लागलाय."

मी त्यांचा न उघडलेला डबा त्यांच्यापुढे सरकवला.

रविवारी मी एकटाच कोपरीला गेलो. काका नको म्हणत होते, पण मला वाटलं आपण स्वतः जाऊन माफी मागावी. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून नौपाड्यातून पाव किलो पेढे घेतले. दादूस ओट्यावर बसला होता. छाती दरवाजाएवढी, डोळे आकाशाकडे. मी सगळं सांगितलं आणि पेढ्यांचा पुडा त्याच्या हातात ठेवला. त्याने पुडा हुंगला.

"मना साखर हाय," तो म्हणाला. "तू काय एकेक करून सगलंच पुसाला आयलास काय?"

आतून काकी हसल्याचा आवाज आला. काका दारात येऊन उभे राहिले. मी म्हणालो की तुम्ही परत सांगा, मी लिहून घेतो, रोज येईन. दादूसने मान हलवली. "बसून नाय आठवत आता. आदी बसून सांगलं, तवा डोल्यापुढे होतं. आता डोल्यापुढे काय नाय. हातात वल्हं आलं तर काय ते बघू." मग आपल्या भावाच्या दिशेने तोंड करून म्हणाला, "पन मना वाट कोन दाखवील? ह्यो तर होडीत बसत नाय."

मी त्यांच्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. आतून काकींनी आवाज दिला, "आवो, आज तिथी कुठली?"

"पंचमी," काका म्हणाले.

"मंग पुढल्या रविवारचं बघा की."

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे गणित त्या घरात उलटीने शाळेत गेलेल्या माणसालाही येत होतं. पुढल्या रविवारचा हिशेब काकांनी बोटांवर केला, समुद्राचं पाणी खाडीत वर कोपरीपर्यंत यायला लागतो तो उशीर धरला, आणि म्हणाले, "दुपारी पाणी उतरतं मिळेल. जेवून निघायचं." पुढे हळूच म्हणाले, "मी नाही जेवणार."

निघायच्या वेळी धक्क्यावर काकी आम्हाला बघायला आल्या. वल्हवणारा आंधळा, वाट दाखवणारा आधीच पांढरा पडलेला, आणि लिहून घेणारा मी, ज्याने होडीत बसताना होडीऐवजी धक्क्याला धरून ठेवलं आणि त्यामुळे दोन्हींच्या मध्ये लांबलचक पसरला. काकी म्हणाल्या, "तिघांचा मिलून एक अख्खा मानूस होत नाय."

मी नवं कोरं शाईचं पेन आणलं होतं. काकांनी ते माझ्या खिशातून काढलं आणि पेन्सिल दिली. "शाई पाण्यात जाते. शिसं राहतं." पहिल्या दहा मिनिटांत त्यांनी होडीबाहेर तोंड काढलं. पुढच्या पाच मिनिटांत मी काढलं. दादूस वल्हवत हसत होता. "दोन्ही बाजूंनी झाला, आता होडी सरल चालंल," तो म्हणाला.

पण वाट दाखवायची वेळ आली तेव्हा खरी पंचाईत झाली. दादूस विचारायचा, "चिमनी दिसते?" काका म्हणायचे, "पाडली रे ती. कंपनी गेली, चिमणीपण गेली." "ताड?" "तिकडे आता इमारत आहे." जुन्या पानांवरच्या निम्म्या खुणा खाडीच्या काठावरून निघून गेल्या होत्या. म्हणजे मी पुसलं नसतं तरी त्या पानांवरून कुणी खडकापर्यंत पोचलं नसतं. हे माझ्या लक्षात आलं आणि मी ते बोलूनही दाखवलं.

दादूसने वल्हं आत घेतलं आणि होडीतला लांब बांबू पाण्यात सोडला. तळाला टेकवला, जरा फिरवला. "चिकल." आणखी पुढे. "रेती हाय, बारीक." आणखी पुढे. मग बांबू टणक कशावर तरी लागला आणि ती ठेच माझ्यापर्यंत होडीच्या फळीतून आली. दादूसचा चेहरा एकदम उजळला, शाळेतल्या जुन्या मित्राचा आवाज ऐकावा तसा. "म्हातारीची दाढ," तो म्हणाला. "भरतीला हिच्यावर दीड वाव पानी, दोन हात पसरले की एक वाव. लिव. हिच्यापासून खाली चालीस वल्ही मारली की तीन भाऊ."

काका डोळे उघडे ठेवून, होडीच्या कडेला दोन्ही हातांनी धरून, वल्ही मोजू लागले. सदतीस, अडतीस. चाळिसाव्याला बांबू पुन्हा टणकन लागला. "एक," दादूस म्हणाला. बांबू जरा हलवला. "दोन." आणि मग तिसऱ्याला त्याने बांबू काकांच्या हातात दिला. "तू बघ." काकांनी बांबू घातला, चाचपला, आणि खडक लागल्यावर तसाच धरून बसले. बराच वेळ. पोटात काय होतंय ते विसरले असावेत, कारण त्यानंतर त्यांनी परत येईपर्यंत एकदाही बाहेर तोंड काढलं नाही. माझं चालूच होतं.

पाणी अगदी उतरलं तेव्हा एका ठिकाणी दादूस म्हणाला, इथे खाली उतरलं तर पाय खडकावर टेकतो. मला वाटलं आपणही काहीतरी करावं. मी उतरलो. खडक होता, पण एक हात अलीकडे. मी कमरेपर्यंत चिखलात गेलो आणि दोघा भावांनी मला बगलेत धरून वर काढलं. उजवी चप्पल अजून तिथेच आहे. दादूसने विचारलं, ह्यो कुठला राहणारा? दिव्याचा, काका म्हणाले. "मंग ही पन जागा लिव," दादूसने मला सांगितलं. "दिव्याचा बसला ती जागा. हितं जालं टाकू नका." मी ते माझ्याच हाताने लिहिलं.

असे तीन रविवार आम्ही गेलो. त्रेसष्टपैकी एक्केचाळीस खडक परत मिळाले. बाकीचे दादूसला काही केल्या सापडेनात. शेवटच्या दिवशी त्याने बांबू वर घेतला आणि म्हणाला, "ऱ्हाऊ दे. खडक कुठं पलून जात नाय. पलालो मीच." काकांनी त्याच्याजवळचं वल्हं घेतलं. धक्क्यापर्यंत होडी काकांनी आणली. ती सरळ आली असं मी म्हणणार नाही.

नव्या सॉफ्टवेअरमध्ये काकांनी पानं पुन्हा करायला घेतली तेव्हा मी मॉनिटरखालचं पुस्तक काढून त्यांना दिलं. त्यांनी ते दोन आठवडे रोज जिन्यात बसून वाचलं, पेन्सिलीने खुणा करत. मग मला बोलावून दाखवलं की न जोडलेली पानं तशीच ठेवायचीही सोय त्यात आहे, एका जागी खूण करायची की झालं. सोळावं पान. मी म्हणालो, मग करू या तशी खूण. काका म्हणाले, "नको. आता जोडू."

मला आश्चर्य वाटलं. इतकी वर्षं मागच्या पडवीत ठेवलं ते आता दारात का? काका पट्टीने पडद्यावरचं अंतर मोजत म्हणाले, "तेव्हा मी होडीत बसलो नव्हतो ना."

पण जोडायचं तरी कुठे? साइट शेठची. काकांनी शेठच्या पत्त्याच्या शेवटी असलेलं पूर्णविरामाचं टिंब निवडलं. त्या टिंबावर क्लिक केलं की नट-बोल्ट जायचे आणि खाडी यायची. कुणाला सापडणार नाही असं आम्हाला वाटलं होतं, पण महिन्याभरात राजकोटच्या एका व्यापाऱ्याने फोन केला. तो काकांनीच घेतला. पलीकडून त्याने विचारलं, "वो म्हातारी की दाढ कौन से साइज में आती है?" काका गंभीरपणे म्हणाले, "उसका एकही पीस है. वो बेचने का नहीं है." सर तेव्हा शेजारीच उभे होते. त्यांनी सगळा प्रकार विचारून घेतला, चष्मा पुसला आणि आपल्या टेबलाकडे गेले. दुसऱ्या दिवशी काका जिन्याकडे निघाले तसं म्हणाले, "बसा आत. खिडकी उघडी आहेच." आणि ते टिंब कुणी काढलं नाही.

पुढल्या वर्षी सरांनी ऑफिस डोंबिवलीला हलवलं. तिकडे जागा मोठी होती, पाणीही होतं, आणि दिव्याहून मला उलट जवळ पडणार होतं. काका आले नाहीत. सरांनी खूप सांगून पाहिलं. काका म्हणाले, "आता मला वेळ नाही." कशाला वेळ नाही ते त्यांनी सांगितलं नाही. खुर्चीवरून उठले, पट्टी वर्तमानपत्रात गुंडाळली, मोडेमवर हात ठेवला आणि गेले. डोंबिवलीच्या ऑफिसात मी आजही काम संपलं की तीनदा सेव्ह करतो. मोठ्याने म्हणत नाही एवढंच, लोक बघतात.

हलण्याच्या गडबडीत मी खाडीच्या पानांच्या दोन सीडी करून घेतल्या आणि एका रविवारी कोपरीला काकांना द्यायला गेलो. ह्या वेळी पेढे नेले नाहीत. दार उघडंच होतं. पुढच्या खोलीत जमिनीवर कागदच कागद पसरलेले, वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकावर एकेक शिंपला ठेवलेला, आणि मधोमध काका पेन्सिल घेऊन मांडी घालून बसलेले. शेजारी दादूस भिंतीला टेकून. राहिलेले खडक त्याला आता एकेक करून आठवत होते. आठवड्याला एखादा, कधी जेवता जेवता, कधी झोपेतून उठताना. आणि आठवला की दोघं होडी काढून खात्री करून यायचे. बावीसपैकी नऊ झाले होते. काकांनी मला ते सगळं दाखवलं, हातातल्या सीडी घेतल्या, उजेडात धरून पाहिल्या आणि "बस रे, चहा घे" म्हणाले.

मी चपला काढून उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं. दादूसने मान वळवली.

"कोन आयलाय?"

"आमच्या हापिसातला," काका म्हणाले. "इंजिनेर."

"खाडी पुसली तो?"

"हां, तोच."

दादूसने चाचपून जवळचा एक शिंपला हाताखाली धरला.

"आत घेतलास त्याला? मंग आदी ते कागद उचल."